पहिला पाट: सोलापुरात हातहत्यारांनी सुतारकाम शिकणाऱ्यांसाठी

सात वर्षांपूर्वी साखर पेठेतलं आमचं जुनं घर पाडलं. भंगारवाला दारं-खिडक्या टेम्पोत भरत होता, तेव्हा मी त्याच्याकडून सागवानाच्या दोन फळ्या आणि आजोबांचा लाकडी रंधा (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार) परत मागून घेतला. रंध्याचं पातं गंजून तांबडं झालेलं, पाचर तुटलेली. पुढचे सहा महिने मी मोबाइलवर परदेशी सुतारांचे व्हिडिओ बघत बसलो. ते सांगतात, सुरुवातीला वॉलनट किंवा मेपल घ्या. सोलापुरात वॉलनट म्हणजे अक्रोड, आणि तो किराणा दुकानात मिळतो.

मी सुतार नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे. रविवारी सकाळी तीन तास काम करतो. हत्यारं चुकीच्या क्रमाने घेतली, लाकूड चुकीच्या महिन्यात जोडलं, आणि पैसे बरेच घालवले. तुमच्या डोक्यात हे वेड नुकतं शिरलं असेल तर खालच्या क्रमाने जा. पहिलं काम म्हणून मी पाट सुचवतोय. जेवायला बसायचा, साधा, दोन आडव्या पट्ट्यांचा पाट. दिसतो सोपा, पण सुतारकामातलं जवळपास सगळं त्यात येतं.

१. जागा आणि वेळ

स्वतंत्र खोली लागत नाही. मी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत काम करतो. गॅलरी पश्चिमेची असेल तर एप्रिल-मे मध्ये दुपारी तिकडे फिरकू नका. तुम्हाला त्रास होईल तो वेगळा, पण ४२-४३ अंशांच्या उन्हात ठेवलेली फळी एका बाजूने वाळून तासाभरात वाकते.

आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून धरतात. बघायला सुंदर दिसतं. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्याने मात्र तो नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक जड, न हलणारं टेबल बघा. उंची एवढी हवी की उभं राहून हात खाली सोडले की मनगट टेबलाच्या पातळीला यावं. टेबलाच्या डाव्या टोकाला अर्ध्या इंच जाडीची पट्टी स्क्रूने ठोका. रंधा मारताना फळी तिला टेकते आणि पुढे सरकत नाही. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं, लाकूड पकडून धरणारी महागडी वाईस नंतर बघू.

शेजाऱ्यांचं भान ठेवा. रंध्याचा आवाज कुणाला खुपत नाही, मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, खुपतो. दुपारी एक ते चार मोगरी हातात घेऊ नका.

आणि कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत हत्यारं उघडी ठेवू नका. बाहेर ठणठणीत कोरडं असतानाही त्या दमट वाऱ्याने माझ्या पटाश्यांवर (लाकडात खाच करायच्या चपट्या पात्याच्या हत्यारांवर) आठ दिवसांत गंज चढला. काम झालं की पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. युनिफॉर्म शिवणाऱ्या या गावात ते कुठल्याही गल्लीत मिळतं.

२. हत्यारं: एवढीच

संच घेऊ नका. बारा पटाश्यांचा चकचकीत डबा बघून मीही भुललो होतो. त्यातल्या दोन वापरल्या, बाकीच्या दहा आजही डब्यात आहेत.

- पटाशी दोन: अर्धा इंची आणि एक इंची.
- रंधा एक: लोखंडी घेणार असाल तर ५ नंबरचा, साधारण १४ इंच लांब. ४ नंबरचा आखूड असतो, तो शेवटच्या सफाईला, नंतर घ्या.
- करवती दोन: एक मोठी हातकरवत, एक पाठीला पट्टी असलेली बारीक दातांची, जिला दुकानात टेनॉन सॉ म्हणतात.
- गुण्या (काटकोन बघायचा), स्टीलची फूटपट्टी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं).
- लाकडी मोगरी. लोखंडी हातोड्याने पटाशीची मूठ फुटते.
- क्लॅम्प तीन, दीड-दोन फुटी.
- धारेचं सामान, ते पुढे सांगतो.
- अंथरायला एक जुनी सोलापुरी चादर. फाटकी चालेल. खाली पडलेल्या पटाशीची धार वाचते आणि ढलप्या गोळा करून झटकता येतात.

गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेला लावून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर परत ठेवा, दुकानदार कितीही म्हणाला की "सगळे असेच येतात".

करवत घेताना दातांची टोकं निळसर काळी आहेत का बघा. तसे दात कडक केलेले असतात. खूप दिवस टिकतात, पण बोथट झाल्यावर कानशीने धार लागत नाही, करवत टाकूनच द्यावी लागते. नवशिक्याला तीच बरी, कारण करवतीचे दात लावणं हे वेगळंच शास्त्र आहे.

जुना लाकडी रंधा घरात असेल तर टाकू नका. पात्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की पातं खाली उतरतं, रंध्याच्या मागच्या बाजूला ठोका दिला की वर येतं. पाचर मी बाभळीची नवी केली. आजोबांचा रंधा आता माझ्या लोखंडी रंध्यापेक्षा गोड चालतो, पण तिथपर्यंत पोचायला मला तीन वर्षं लागली.

३. धार. इथेच निम्मे लोक सोडून देतात

दुकानातून आणलेली पटाशी धारदार नसते. ती पटाशीच्या आकाराचं लोखंड असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महिनाभर मी तशाच पटाशीने लाकडात खाच करत होतो. शेवटी अशोक चौकाजवळ दुकान असलेल्या एका वयस्कर सुतारमामांकडे ते लाकूड घेऊन गेलो. त्यांनी खाचेत बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, लाकूड कापलालाव का कुरतडलालाव?"

त्यांच्याकडून जे शिकलो ते असं.

काचेच्या दुकानातून जाड काचेचा एक उरलेला तुकडा आणा, दहा-बारा मिलिमीटरचा. त्यावर वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, पाण्याने चिकटवा, नंबर वाढेल तसा बारीक: २२०, ४००, ८००, १५००. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, घासायची. पूर्ण पाठ नाही, टोकाकडचा इंचभर भाग पुरे. २२० वर घासताना ओरखडे सगळीकडे सारखे दिसेपर्यंत पुढच्या कागदावर जायचं नाही. शेवटी त्या इंचभरात तोंड अंधुक दिसायला लागतं. नव्या पटाशीला यात तास जातो. कंटाळा येतो. पण हे काम एका पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं.

मग उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू. उताराचा कोन २५ ते ३० अंश. कोनमापक लागत नाही: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर ३० अंश, अडीचपटीच्या थोडी आत असेल तर २५. त्याच कोनात धरून घासत राहा. पाठीच्या बाजूने अंगठा धारेकडे ओढला की एक बारीक खरखरीत कड बोटाला लागते. ती कड धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली म्हणजे त्या कागदावरचं काम झालं. ती लागायच्या आत कागद बदलणं ही सगळ्यांची चूक, माझीही. शेवटी पाठ सपाट ठेवून दोन हात मारा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पटाशी मागे ओढा.

परीक्षा दाढीचे केस कापून करू नका. पाइनच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर, जिथे रेषा कापलेल्या दिसतात तिथे, पटाशी दाबून एक पातळ काप काढा. काप अख्खा निघाला आणि खालचं लाकूड चकाकलं तर धार आहे. भुगा पडला तर परत काचेवर बसा.

तीन सापळे लक्षात ठेवा. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे पटाशी देऊ नका, तो विळी-सुरीचा माणूस आहे, उतार गोल करून देतो. ग्राइंडरवर धरली आणि टोक निळं पडलं, तर तेवढ्या भागाचा कडकपणा गेला, तो घासून काढून टाकावाच लागतो. आणि ऑइल स्टोन वापरत असाल तर त्यावर खायचं तेल नको. शेंगतेल दगडात चिकट होऊन बसतं आणि दगड घासेनासा होतो. शेंगतेल चटणीवर घाला, दगडाला रॉकेल किंवा मशीनचं तेल.

धार शिकायला अशा एखाद्या सुताराकडे जरूर जा. आपल्या पूर्व भागात हातमागाच्या काळात लाकडी माग आणि त्यांचे सुटे भाग दुरुस्त करणारे हात होते, त्यांतले काही अजून आहेत. कामाच्या घाईत जाऊ नका, दुपारी चहाच्या वेळी जा. "शिकवा" म्हणू नका. "माझ्या पटाशीला एकदा धार लावून दाखवा, पैसे घ्या" म्हणा. भाषेचीही गंमत आहे: पटाशीला तेलुगूत उली म्हणतात, कन्नडमध्ये उळी. मामा मराठी बोलताना तिन्ही शब्द वापरतात.

४. लाकूड: कुठलं, कसं मोजतात, कागद काय

सरावाला पाइन घ्या. एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाइन जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं. परदेशातून आलेल्या खोक्यावर एक शिक्का असतो. त्यात इंग्रजी एच-टी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलंय, खुशाल घ्या. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते घरात आणू नका.

पाटाला सागवान उत्तम. त्यात नैसर्गिक तेल असतं, कीड लागत नाही, आणि हवेतल्या ओलाव्याने ते इतर लाकडांपेक्षा कमी फुगतं-आकसतं. गाभ्याचं, तपकिरी सोनेरी घ्या. कडेचं पांढरट लाकूड म्हणजे सालीलगतचा कच्चा भाग, त्याला किडा लागतो. आंबा स्वस्त, पण लवकर पोखरला जातो. फळीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती गाडीतसुद्धा घालू नका. बाभूळ आपल्या माळावरचं लाकूड, दगडासारखं कठीण. बैलगाड्या आणि अवजारांच्या दांड्यांना ते वापरत आलेत. मुठी आणि पाचरी करायला छान, पण पहिल्या कामाला नको, दर दहा मिनिटांनी धार लावावी लागेल.

वखारीत सागवान घनफुटावर मिळतं. हिशेब घरून करून जा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. ६ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे ३६ भागिले १४४, पाव घनफूट. आणि सूत शिका: एक इंच म्हणजे आठ सूत. करवतीवरून आलेली इंचभर जाडीची फळी रंधून सपाट केली की सहा-सात सूत उरते. पैसे मात्र आठ सुतांचे द्यायचे असतात. मी पहिल्यांदा यावर वाद घातला होता. घालू नका, सगळीकडे तसंच असतं.

जुन्या घराचं सागवान सगळ्यात चांगलं, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं. पण आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असेल तर रंध्याच्या पात्याला एका झटक्यात खाच पडते. जंबुराने खिळे काढा. दारावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. ओला करून खरवडा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

कागदांचं थोडक्यात:

- वखारीतून घेतलं तर पावती. तीत लाकडाचा प्रकार आणि घनफूट लिहून घ्या.
- शेतातलं स्वतःचं सागवान आणायचं असेल तर सातबारा उतारा, तोडीची परवानगी आणि वनखात्याचा वाहतूक परवाना. "घरचंच झाड आहे" हे नाक्यावर चालत नाही.
- शहरातलं अंगणातलं झाड. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्या आवारात असलं तरी.
- चंदनाच्या भानगडीत पडू नका.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. ज्या खोलीत पाट वापरणार तिथे, मध्ये पट्ट्या घालून, भिंतीपासून सुटं, दोन-तीन आठवडे पडू द्या.

५. फळी सरळ करणं

फळीच्या कडेकडे बघा. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला वर चढत जातात त्या दिशेने रंधा मारायचा. उलट मारलात तर लाकूड उपटून येतं आणि खड्डे पडतात. रंधा अडखळला की जोर लावू नका, फळी फिरवा.

पीळ बघायला फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि एका डोळ्याने दोन्हींच्या वरच्या कडा एकत्र बघा. समांतर दिसल्या तर पीळ नाही. नसतील तर उंच कोपरे उतरवा. बाकी सरावाचं काम आहे, लिहून कळत नाही.

करवत चालवताना रेघ पेन्सिलीने मारू नका, सुरीने मारा. करवतीला टेकायला एक बारीक चर मिळतो.

६. पाट

माप: १८ इंच लांब, १४ इंच रुंद, सहा-सात सूत जाड. १४ इंची अखंड फळी मिळणं अवघड आणि महाग, म्हणून सात-साडेसात इंचांच्या दोन फळ्या कडेला कडा लावून जोडा.

जोडायच्या दोन्ही कडा एकत्र रंधा. पुस्तक मिटल्यासारख्या दोन फळ्या एकमेकींवर ठेवून, कडा एका पातळीला आणून, क्लॅम्पमध्ये धरून रंधा मारा. तुमचा रंधा जरा तिरका चालला तरी फळ्या उघडल्यावर एकीची चूक दुसरीत भरून निघते. मग एकीवर एक उभी करून खिडकीसमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर अजून एक हात मारा.

फेव्हिकॉल दोन्ही कडांना पातळ लावा, क्लॅम्प आवळा, एक दिवस हात लावू नका. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत करा, नंतर फेव्हिकॉल फळी जुळवेपर्यंत आळायला लागतो. क्लॅम्प कमी पडले तर सुती दोरीचे दोन वेढे घेऊन काठीने पीळ द्या.

आता खालच्या दोन आडव्या पट्ट्या: दीड इंच उंच, दीड इंच रुंद, तेरा इंच लांब. इथे थांबा आणि माझी गोष्ट ऐका.

माझा पहिला पाट मी ऑगस्टमध्ये केला, गौरी-गणपतीच्या जेवणाला बसायला म्हणून. पट्ट्यांना पूर्ण लांबीभर फेव्हिकॉल लावला, वर चार-चार स्क्रू आवळले. भक्कम झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. पाटाला मधोमध नऊ इंच लांब चीर. चीर बसणाऱ्याला चिमटते, हेही दुसऱ्या दिवशी मेहुण्यांच्या ओरडण्यावरून कळलं.

झालं असं होतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेबरोबर फुगतं आणि आकसतं. श्रावणात फुगलेली फळी एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसायला बघत होती. आडव्या पट्टीची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेला असते, आणि ती लांबीत आकसत नाही. फेव्हिकॉलने दोघींना बांधून ठेवलेलं. फळीपुढे फाटण्यावाचून मार्ग नव्हता. आपल्या गावात कोरडा उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात १४ इंच सागवान साधारण सूतभर हलतं. दुसऱ्या पाटावर मी मे मध्ये आणि ऑगस्टमध्ये पट्टी लावून मोजलंय.

म्हणून पट्टीला फेव्हिकॉल फक्त मधल्या दोन इंचांत लावा. मधला स्क्रू घट्ट. दोन्ही टोकांच्या स्क्रूंसाठी पट्टीत गोल भोक नको, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोक करा, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना सूतभर जागा राहील असं, आणि स्क्रूखाली वायसर घाला. फळी हलेल, स्क्रू तिच्याबरोबर सरकेल.

हेच उलट बाजूने डब्यांच्या झाकणांना आणि ड्रॉवरना लागू आहे. मे मध्ये अगदी फिट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही. उन्हाळ्यात करत असाल तर फट मोकळी सोडा, पावसाळ्यात करत असाल तर घट्ट चालेल.

वरच्या कडांची धार रंध्याने जराशी मारा. तीक्ष्ण कड मांडीला लागते.

७. पॉलिश आणि चिंध्या

दोन पर्याय. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने पातळ हात मारायचे, तासाभरात वाळते, चकाकी येते. किंवा जवसाचं तेल, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, चटणीच्या जवसाचं तर मुळीच नको. तेल लावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी परत.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. आपल्या मे महिन्यातल्या बंद गॅलरीत तर बोलायलाच नको. चिंध्या दोरीवर सुट्या वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

लाखेचा पाट आठवडाभर वापरू नका, आणि त्यावर गरम भांडं तर कधीच नको. आमच्याकडे चौथ्या दिवशी कुणीतरी आमटीचं पातेलं टेकवलं आणि पांढरं गोल उमटलं. तसं झालंच तर स्पिरिटमध्ये जेमतेम ओलं केलेलं कापड त्या डागावरून भरभर फिरवा, थांबू नका. डाग निघाला की वाळू द्या आणि वर लाखेचा एक पातळ हात द्या.